दोन चुका मारून द्या

"मामा, पटकन दोन चुका मारून द्या हो."

दिवसातून दहा वेळा हे कानावर येतं आणि दहाही वेळा मला आतल्या आत हसू येतं. आमच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. बाकीच्या जगात चुका केल्या की खिशातून पैसे जातात; आमच्याकडे चुकीमागे पैसे येतात. फक्त चूक नेमकी कुठं मारायची हे कळलं पाहिजे, आणि ते कळायला माझी चार-पाच वर्षं गेली. सूतभर इकडं-तिकडं झालं की टोक आतून वर येतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक लंगडत हजर. म्हणून बूट ऐरणीवर चढवायचा, वरून हातोडा बसला की खाली लोखंडावर आपटून टोक आपसूक मुडपतं. तरीही शेवटी मी बुटात हात घालून बोटं फिरवतो. लोकांना ते घाण वाटतं. मला, न तपासता परत देणं.

वडील मात्र चुकांच्या बाबतीत फार कडक. ते कोल्हापूरकडचे, पायताणं बनवणारे. त्यांनी केलेल्या चपलेत एकही चूक नसे. मुलगा म्हणून कौतुक करतोय असं समजू नका, अस्सल कोल्हापुरीची रीतच तशी आहे. खिळा नाही, सगळी शिलाई चामड्याच्या वादीनं. तळाला म्हशीचं जाड कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. ते भिजवायचं आणि मग ठोकायचं. किती ठोकायचं? मी लहानपणी विचारलं होतं. वडील म्हणाले, "शेजारी भांडायला येईपर्यंत." शेजारीही तेच करत असल्यामुळे भांडायला कुणी यायचं नाही, आणि तळ भलताच टणक व्हायचा. वरच्या पट्ट्याची वेणी आई घालायची. तिला त्या कामात बोटांकडं बघावं लागायचं नाही. ती वेणी घालता घालता माझा अभ्यास घ्यायची, आणि वेणीत चूक होऊ न देता पाढ्यातली बरोबर पकडायची.

त्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातलेही चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यांचा सीमेवरून वाद किती वर्षं चाललाय ते सगळ्यांना माहीत आहे. पण चपलेच्या बाबतीत वाटणी कशी चोख झाली बघा. शेवटी जोडच तो. एक पाय इकडचा, एक तिकडचा. भांडले तर चालणार कसं? पुढं २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानच्या एका फॅशन शोमध्ये तशीच पायताणं घालून पोरं चालली, आणि कोल्हापूरचं नाव काही घेतलं नव्हतं. इकडं मोठा गहजब झाला, मग शो करणाऱ्या कंपनीला मूळ कुठलं ते कबूल करावं लागलं. माझ्या भाच्यानं मोबाईलवर ते चित्र दाखवलं. मी आधी अंगठ्याची शिलाई बघितली. सवय, दुसरं काय.

मी स्वतः पुण्यात फुटपाथवर, पत्र्याच्या टपरीत बसतो. सरकारी कागदात आमचं नाव 'गटई कामगार'. टपरीही गटई कामगारांसाठीच्या सरकारी योजनेतली. पण इतक्या वर्षांत "इथं गटई कामगार कुठं बसतात?" असं विचारत आलेला एकही माणूस मला भेटलेला नाही. बनवायचं काम आता वर्षाला दोन-तीन जोडांचं, तेही ओळखीतलं. बाकी सगळी दुरुस्ती. अंगठा तुटला, सोल सुटला, दप्तराची चेन अडकली. चेनचं म्हणाल तर दहातल्या आठ वेळा चेन चांगली असते, रनर ढिला झालेला असतो. पकडीनं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की काम झालं. त्याचे पैसे मागताना मलाच अवघड होतं, आणि न मागितले तर समोरच्याला वाटतं की यानं काही केलंच नाही.

सगळ्यात जास्त भांडण सोल्युशनवरून. सोल चिकटवायचा तर दोन्ही अंगांना लावायचं आणि सुकू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. हे कुणालाच पटत नाही. "अहो, सुकल्यावर कसं चिकटेल?" इंजिनीअर माणसंसुद्धा विचारतात. मी म्हणतो, साहेब, दहा मिनिटं थांबा. त्या दहा मिनिटांसाठी मी स्लिपरांचा एक जोड ठेवलाय. निळे पट्टे, एक सहा नंबर, एक आठ. कडक इस्त्रीतला माणूस त्या स्लिपरा घालून उभा राहिला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. फोनवरसुद्धा. "हो, मीटिंगमध्येच आहे," असं सांगणारे बघितलेत मी, एका पायावर, कडुनिंबाला धरून.

चेहरा बघून मला माणसं फारशी ओळखू येत नाहीत. टाच बघून येतात. बहुतेकांची टाच मागून बाहेरच्या कडेला झिजते. आतून झिजलेली आली की मी विचारतो, गुडघा दुखतो का? माणूस दचकतो. एक काका तर त्यानंतर मला हातही दाखवायला लागले होते. त्यांना म्हटलं, माझी विद्या घोट्यापाशी संपते.

तरी एक भविष्य मी छातीठोक सांगतो. महागाचे बूट कपाटात जपून ठेवू नका. आजकालचे फोमसारखे हलके सोल दमट हवेत आतल्या आत कुजतात. वापरात असलेले बूट बरेच दिवस टिकतात, जपलेले जातात. दरवर्षी लग्नसराईत एखादे नवरदेवाचे मामा येतात, हातात बुटाचा वरचा भाग आणि पिशवीत सोलाचा चुरा. "तीनदाच घातले होते हो!" मी म्हणतो, म्हणूनच. कोल्हापुरीचं उलट नाही, पण वेगळं आहे. तिला पाणी दाखवायचं नाही. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवून बाजूला ठेवायची, आणि भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवायची. जूनमध्ये मग छत्र्या येतात. छत्री आणि चांभार यांचा काय संबंध, हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण काड्या बसवायला लोक माझ्याकडंच येतात.

'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण ज्यानं काढली, त्यानं वहाण कधी उलटी करून बघितली नसावी. तिच्याखाली बसून आमच्या किती पिढ्या जगल्या हेही नाही. असो.

टपरीच्या फळीवर एक उजवा बूट आहे. काळा, लेसचा, नऊ नंबर. तीन पावसाळ्यांपूर्वी एक गृहस्थ सोल लावायला देऊन गेले, "आलोच" म्हणून. डावा त्यांच्या पायात होता. ते घरी कसे गेले, याचा मी अजून विचार करतो. रिक्षा केली असेल. पण मग परत का आले नाहीत? पत्नी म्हणते, टाकून दे. सोल इतका छान बसलाय की टाकवत नाही.

खंडेनवमीला मी रापी, आरी, हातोडा, ऐरण धुऊन पुसून मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचं एकेक फूल ठेवतो. यंदा फळीवर जागा कमी होती. बूट तिथंच राहिला. एक फूल उरलं होतं, तेही त्याच्यावर ठेवलं, आणि ठेवण्याआधी आत हात घालून बोटं फिरवून बघितली. चूक कुठं लागत नव्हती.