चांदण्यांत मावलेला संसार

ज्याच्या डेस्कटॉपवर ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ या तीन फाइली गुण्यागोविंदाने नांदतात, तो माणूस आज ना उद्या ऑर्ग-मोडच्या नादी लागतो. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टेन डॉमिनिक यांनी २००३ साली स्वतःच्या कामाचा पसारा आवरण्यासाठी हा प्रोग्राम लिहिला. तो चालतो ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकात. ईमॅक्सची कुळकथा १९७६पासून सुरू होते आणि त्याचे भक्त ती कुणी न विचारताही सांगतात.

प्रकार तसा सोपा. सगळा मजकूर साध्या फाइलीत. ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी टाकली की मोठा मथळा, दोन टाकल्या की त्याच्या पोटातला, तीन टाकल्या की त्याच्याही पोटातला. खगोलशास्त्रज्ञाला चांदण्याच सुचणार, असं म्हणायचा मोह होतो; पण त्या ईमॅक्सच्या जुन्या आउटलाइन-मोडमधून आयत्या आल्या.

खरी मोहिनी टॅबच्या कळीची. मथळ्यावर ती दाबली की खालचा सगळा मजकूर गडप, पुन्हा दाबली की हजर. पाहुणे दारात आल्यावर पसारा कपाटात कोंबून दार लावावं, तसं. घडी घालायच्या या युक्तीचं प्रात्यक्षिक संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, भरल्या सभागृहात दिलं होतं. संगणकाच्या इतिहासातल्या त्या गाजलेल्या प्रयोगात पडद्यावर काय होतं? घरच्या बाजारहाटाची यादी!

आता हे तंत्र एखाद्या पुणेकराच्या हाती पडलं की काय होतं ते पाहावं. मूळचे शब्द ‘टूडू’ आणि ‘डन’. पण ते बदलता येतात हे त्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं. मग ‘करायचंय’, ‘बघू’, ‘साहेबांकडे’, ‘झालं’ अशी अस्सल कार्यालयीन वाटचाल ठरते. प्रत्येक अवस्थेला रंग. रंग नीट दिसावेत म्हणून नवा फॉन्ट. फॉन्ट बसवल्यावर लक्षात येतं, की देवनागरी मजकुराचा तक्ता केला तर उभ्या रेघा सरळ राहत नाहीत. त्या सरळ करण्यात रविवार जातो. इकडे ‘घर’ या चांदणीखाली, ‘स्वयंपाकघर’ या दोन चांदण्यांखाली, ‘गळका नळ’ सुबकपणे नोंदलेला असतो आणि तितक्याच सुबकपणे गळत असतो.

त्यात अजेंडा नावाची एक सोय आहे. ती सगळ्या फाइली धुंडाळून आजची कामं एका जागी मांडते आणि तारीख उलटून गेलेल्या कामापुढे किती दिवस झाले तेही छापते. घरातली माणसं टोमणे मारून थकतात. अजेंडा थकत नाही. कामाला किती वेळ लागला हे मोजायचं घड्याळही त्यात आहे. ते प्रामाणिकपणे लावलं, तर ‘फाइली लावणे’ याच कामाचे तास सगळ्यांत जास्त निघतील. म्हणूनच बहुधा ते कुणी प्रामाणिकपणे लावत नाही.

एवढं होऊनही साध्या मजकुराची बाजू भक्कम आहे. ऑर्गची फाइल नोटपॅडमध्येही उघडते. उद्या ईमॅक्स नाहीसा झाला, तरी चांदण्या आणि त्यांच्याखालची अक्षरं वाचता येतील. मराठी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. युनिकोडच्या आधी शिवाजी, श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत टंकलेली किती पत्रं, लेख, वंशावळी आज नुसत्या रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी होऊन बसल्या आहेत! फाइल शाबूत, फॉन्ट बेपत्ता.

तेव्हा रंग आणि चांदण्या राहू द्या बाजूला. घरातल्या जुन्या संगणकात तसल्या फाइली असतील, तर तो भंगारात देण्याआधी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्या. आणि हो, नळवाल्याला फोनही करा.