शुक्राकडे कोण राहतं?

"काकू, ऐकलंत का? शुक्रावर ज्वालामुखी फुटला म्हणे!"

"शिळी बातमी गं, सुमन. फुटला १९९१ मध्ये, आपल्याला कळलं २०२३ मध्ये."

"अगंबाई! बत्तीस वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"लक्षात कसं येणार? शुक्रावर ढगांचा जाड पडदा, साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तेव्हा मॅगेलन यान रडारनं चित्रं काढत होतं. माट मॉन्स नावाचा मोठा डोंगर आहे तिथं. त्यावरचं एक मुख फेब्रुवारीत जवळजवळ गोल, दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं. ऑक्टोबरात तेच वेडंवाकडं, चारच्या आसपास पसरलेलं! दोन्ही चित्रं दप्तरात पडून. रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली या दोघांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला."

काकू निवृत्त भूगोल-शिक्षिका. त्यांना विषय मिळाला की समोरच्याची भाजी करपली तरी चालते.

"मग तिथं कुणी राहत असेल का हो?"

"खाली? ४६५ अंशांची भट्टी, शिसं वितळतं. दाब आपल्या नव्वदपट. सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा-१३ १९८२ मध्ये उतरलं, १२७ मिनिटं तग धरली, त्याचंच कोण कौतुक! पण पन्नासेक किलोमीटर वर, ढगांत, ऊब आणि दाब सोसण्याजोगा आहे. १९६७ मध्येच कार्ल सेगन आणि हॅरोल्ड मोरोविट्झ यांनी तिथं जीव असू शकेल असं लिहिलं होतं."

"पण ढग सल्फ्युरिक ॲसिडचे ना?"

"तीच तर मेख. तरी सप्टेंबर २०२० मध्ये जेन ग्रीव्ह्ज बाईंच्या गटानं जाहीर केलं, ढगांत फॉस्फीन सापडला. आपल्याकडे हा वायू प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंच्या आसपास मिळतो. झालं, जगभर कुजबुज! लगेच कुणी म्हणालं, तो फॉस्फीन नव्हेच, सल्फर डायऑक्साइड असेल. आणि कुणी म्हणालं, असला तरी ज्वालामुखीच पोटातून फॉस्फरसची संयुगं वर फेकत असतील, ॲसिडशी गाठ पडली की वायू तयार."

"म्हणजे ज्या ज्वालामुखीमुळे ग्रह जिवंत वाटतो, तोच जंतूंच्या नावावर पाणी फिरवतो?"

"बरोबर पकडलंस. अर्थात एवढा वायू निघायला ज्वालामुखी फार जोरात हवेत, असंही काही जण म्हणतात. भांडण मिटलेलं नाही. मला विचारशील तर आधी ज्वालामुखीवरच संशय घ्यावा, जंतू काही पळून जात नाहीत."

"आपलं कुणी असतं तिथं, तर विचारलं असतं."

"आहे की! शुक्रावरच्या जागांना बायकांची नावं देतात. चौतीस किलोमीटर रुंदीच्या एका विवराला डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव आहे."

"आणि त्यांच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं?"

"छे! पुरुषाचं नाव एकच, शास्त्रज्ञ मॅक्सवेल साहेबांचं. तेही नियम होण्याआधी लागलं म्हणून टिकलं."

"मग जागा तशी वाईट नाही म्हणायची."

"थांब की. इस्रोचं यान २०२८ मध्ये निघायचं ठरलंय, १२३६ कोटी मंजूर झालेत. पण ते उतरणार नाही, भोवती घिरट्या घालणार."

"एवढा खर्च करून नुसतं कुंपणावरून डोकावणार?"

"आपण दोघी फुकटात तरी काय वेगळं करतोय?"