टर्बोशेठ

टर्बोशेठची गाडी उभी असली की तिचं बॉनेट उघडं असतं, एवढी खूण पुरे. कऱ्हाडात असा एक आहे, विट्यात आहे. आमच्या शिराळ्यातला जरा जास्त बोलतो. गाडी जुनी ऑक्टाविया आरएस. 2004 साली भारतात आलेली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल. कंपनीने दिलेली ताकद 150 हॉर्सपॉवर. शेठच्या तोंडी ती दर नागपंचमीला पंचवीसने वाढते.

यंदा मोठा टर्बो आला आणि मागोमाग मोठे इंजेक्टर. चार नग, मिनिटाला 550 सीसीचे. बसवण्याआधी ते रुमालात गुंडाळून आठवडाभर चहाच्या गाड्यावर दाखवून झाले. "पंप कुठला टाकला?" असं कुणी विचारलं की शेठ आणखी एक चहा सांगतो. पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला. त्याचा फोटो निघत नाही, आणि फोटो न निघणाऱ्या वस्तूवर शेठ पैसा घालत नाही. घराला पुढून ग्रॅनाइट आहे, मागच्या भिंतीला अजून गिलावा नाही.

हिशोब सातवीतल्या पोराचा आहे. चार गुणिले 550 म्हणजे मिनिटाला 2200 सीसी, तासाला 132 लिटर. इंजेक्टर 80 टक्केच वापरायचे म्हटले तरी शंभराच्या वर. खरी गंमत पुढे आहे. टर्बोने 1 बार हवा दाबली की रेग्युलेटर पेट्रोलचा दाब 3 बारवरून 4 वर नेतो, आणि दाब वाढला की कुठलाही पंप लिटर कमी देतो. इंजिनाला भूक लागते नेमकी तेव्हाच वाढपी हात आखडतो. खोक्यावर 255 लिटर छापलेलं असलं तरी ते किती दाबाला आणि किती व्होल्टला, हे बारीक अक्षरात असतं. वीस वर्षांच्या वायरीतून पंपापर्यंत पुरते व्होल्ट पोचत नाहीत ते वेगळंच.

हे सगळं आबांनी, म्हणजे शेठच्या वडलांनी, गाडीला हातही न लावता सांगितलं होतं. "आरं, मोटर तीन एचपीची आन् तुषार लावलंस वीस. शेवटचा फिरंल व्हय?"

"आबा, ह्यातलं तुमास्नी न्हाई कळायचं."

आता पेट्रोलही ई-20. इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. आबा ऊस कारखान्याला घालतात आणि तिकडून पोराच्या पंपाचं काम वाढून येतं.

व्हायचं ते पेठ नाक्यापुढे महामार्गावर झालं. बूस्ट चढला, रेलमधला दाब पडला, मिश्रण लीन झालं, इंजिन खडखडलं. शेठने प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पुण्याहून नवा मॅप मागवला, पेट्रोलात भेसळ आहे असं जाहीर केलं. फ्युएल प्रेशर गेज लावून बघ, असं गॅरेजच्या पोऱ्याने सुचवलं, तर त्याला पाना आणायला पाठवलं. तिसऱ्या खेपेला एक पिस्टन वितळला.

इंजिन बांधून झालंय आणि गाडी विकायची आहे. बघायला जाणार असाल तर बॉनेटकडे पाठ करून उभे राहा. आधी पंपाचं बिल मागा, मग गेज लावून भर बूस्टमध्ये दाब टिकतो का ते बघा. चहा मात्र घ्या. तो शेठ चांगला पाजतो.