उतारू उतरण्यापुरता वेळ

१९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ११७वं कलम ज्यानं कोणी लिहिलं, त्यानं परभणीतलं एकही लग्न पाहिलेलं नसावं. गाड्या कुठं नि किती वेळ उभ्या करायच्या हे सरकारनं स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवावं, असं ते कलम सांगतं. इथवर ठीक. पण पुढं प्रवासी गाड्यांचा विषय निघतो आणि उतारू घ्यायला-उतरवायला लागतो त्याहून जास्त वेळ कुठं थांबता येईल, तेही ठरवा म्हणतं. आता मुळात लागतो किती, यावर कायदा गप्प. लिहिणाऱ्यानं आमच्या मोठ्या आत्याला क्रूझरमधून उतरताना एकदा तरी पाहायला हवं होतं.

पुतणीचं लग्न मे महिन्यात, कार्यालय वसमत रोडला, आणि पाहुण्यांची सोय स्टेशन रोडच्या एका लॉजवर. परभणीतल्या लॉजला दार नसतं, जिना असतो. तो थेट रस्त्यावर उतरतो. एका बाजूला पानटपरी, दुसऱ्या बाजूला मोबाइलची कव्हरं विकणारा, समोर रसवंती. बांधकामाच्या नकाशात तळघरात पार्किंग दाखवलेलं असतं आणि प्रत्यक्ष तळघरात गाद्या, जनरेटर आणि कुणाच्या तरी दुकानाचा माल असतो. जिन्यापाशी लॉजवाल्यानं स्वतःची पाटी लावली आहे: ‘गाडी लावू नये, हवा सोडली जाईल.’ म्हणजे सरकार दंड करणार आणि ज्याच्याकडं आपण गिऱ्हाईक घेऊन आलो तो हवा सोडणार.

अंबाजोगाईहून आलेली क्रूझर तिथं थांबली. ड्रायव्हर आधी टपावर चढला, कारण सामान उतरल्याशिवाय मागचं दार उघडत नव्हतं. टपावरच्या दोरीची गाठ अंबाजोगाईत बसवलेली, ती परभणीच्या उन्हात सुटेना. मग रुखवताचे डबे, एक स्टीलचं पिंप, दोन वळकट्या आणि कुणाचीच नसलेली एक बॅग. आत्या मागच्या आडव्या बाकावर, अगदी आतल्या कोपऱ्यात. तिच्या आधी सहा जणांनी उतरायचं, त्यातल्या एकाची चप्पल सीटखाली गेलेली. चपलेशिवाय उतरायला तो तयार नाही, आणि त्याचं चूक नव्हतं. परभणीचा डांबरी रस्ता मे महिन्यात दुपारी अनवाणी माणसाला सवलत देत नाही. शेवटी आत्या दाराशी आली. लॉजमधून स्टूल मागवला. तिनं एक पाय स्टुलावर ठेवला आणि तिला औषधांची पिशवी आठवली. पाय परत आत.

एवढ्यात वाहतूक हवालदार आले.

“काका, काय चाललंय?”

“पाहुणे उतरायलेत, साहेब.”

“मघाशी चक्कर मारली तवाबी उतरायलेच होते की.”

“तेच उतरायलेत.”

माणूस समंजस. त्यांनी मला पाटीचं शास्त्र सांगितलं. पाटीवर एक तिरकी रेघ असली तर गाडी लावून जायचं नाही, पण माणूस उतरवायला हरकत नाही. फुली असली तर थांबायचंच नाही. आम्ही दोघांनी वर पाहिलं. पाटीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता आणि रेघ की फुली याचा निकाल त्या भावी नगरसेवकाच्या गॉगलमागं दडलेला होता. तोवर मागं ऑटोची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. हवालदारांनी नाइलाजानं मोबाइल काढून गाडीचा फोटो घेतला. दंड पहिल्यांदा ५००, पुढच्या वेळी १५००. रकमेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार फोटोबद्दल आहे. फोटोत सगळंच थांबलेलं दिसतं. आत्या उतरते आहे, हे त्यात कळायला काही मार्ग नाही.

आता गंमत बघा. हीच मंडळी तपोवन एक्स्प्रेसनं आली असती तर? गाडी परभणीला मोजकी मिनिटं थांबते आणि तेवढ्यात अख्खं वऱ्हाड पिंपासकट फलाटावर असतं. गुडघे तेच, वळकट्या त्याच. फरक एवढाच की रेल्वे निघून जाते आणि क्रूझर निघून जात नाही, हे आमच्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉटेलांना पोर्च असतो. पाहुणा हॉटेलच्याच जागेत उतरतो, रस्त्याला पत्ताही लागत नाही. पुण्यात सम-विषम तारखांच्या पाट्या लावून रस्त्याची बाजू तरी बदलतात. परभणीची नगरपालिका २०११ साली महानगरपालिका झाली, पण स्टेशन रोडला ते कुणी कळवलं नसावं, तो होता तेवढाच रुंद राहिला. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लॉजच्या जिन्यासमोर दोन गाड्यांपुरती जागा पिवळ्या पट्ट्यानं आखावी आणि तिथं दहा मिनिटं माणसं-सामान चढवायला-उतरवायला मुभा द्यावी. ड्रायव्हर मात्र स्टेअरिंगवरच पाहिजे, चहाला जायचं नाही. यासाठी कायदा बदलायची गरज नाही. वाहतूक शाखेचा अभिप्राय, अधिसूचना, हरकती-सूचना आणि एक डबा रंग, एवढ्यात काम भागतं.

हरकत पहिली मीच घेईन म्हणतो. दहा मिनिटं उतरायला पुरतील, चढायला नाही. आपल्याकडं पाहुणा गाडीत बसला म्हणजे निघाला, असं नसतं; तिथून निरोपाला सुरुवात होते. खिडकीतून हळदीकुंकू, खिडकीतून लोणच्याची बरणी, खिडकीतून पोराच्या मुठीत नोट, ती नोट परत बाहेर, पुन्हा आत. ‘या आता’ म्हणून झाल्यावर नव्या स्थळाचा विषय निघतो. हे पिवळ्या पट्ट्यानं आवरणार नाही. महाराष्ट्रात निरोप तोडायचं सामर्थ्य एकाच माणसात आहे, तो म्हणजे एसटीचा कंडक्टर. दोनदा घंटी वाजली की बरणी बाहेर राहिली तर राहिली. तेव्हा लग्नसराईपुरता तरी प्रत्येक लॉजसमोर एक निवृत्त कंडक्टर मानधनावर नेमावा, अशी उपसूचना मी अर्जाला जोडली आहे.

अर्ज तयार आहे, सह्या कमी पडतात. ज्यांच्या घरी येत्या सराईत लग्न आहे त्यांनी सही करायला जरूर यावं. फक्त चालत या. माझं घरही स्टेशन रोडलाच आहे.