डॉक्टरांच्या सायकलीला शिंगं फुटली

कळलं का? नाही कळलं? मग जरा खुर्ची पुढं ओढा आणि आवाज खाली ठेवा, कारण डॉक्टरांचा दवाखाना इथून चौथं दार आहे. तर, डॉक्टरांच्या सायकलीला शिंगं फुटली!

दोन वर्षांपूर्वी ती सायकल मंगळवेढ्यात आली, तेव्हा आम्ही तिला फक्त ओवाळायची बाकी ठेवली होती. किंमत सव्वा लाख. तेवढ्यात बरी मोटारसायकल येते, हे सांगून झालं. डॉक्टर नुसते हसले. स्टँड नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. जेवढं काढून घ्याल तेवढी किंमत वाढते, हा हिशेब आमच्या डोक्यात शिरेपर्यंत एक दिवाळी गेली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्यालाही सरावलो. आणि परवा बघतो तर मेंढ्याच्या शिंगांच्या मधोमध आणखी दोन नळ्या, सरळ पुढं रोखलेल्या, टोकं वर उचललेली. खिलार खोंडच! कोपरं टेकायला दोन उशा. डॉक्टर त्या उशांवर कोपरं ठेवतात, हात पुढं जोडतात, मान खाली घालतात आणि सांगोला रोडनं सुसाट निघतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, साष्टांग नमस्कार घालता घालता माणूस वाहून चाललाय.

"काय वो डाक्टर, पाठीत उसण भरली का?" असं चौकात एकानं कळवळून विचारलंसुद्धा. डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणे.

या प्रकाराला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचं, अंग निथळत असतानाच सायकलवर बसायचं, मग सायकल टाकून पळत सुटायचं. डॉक्टरांचा डोळा गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ वर आहे. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ती पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्र, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. मैलात बेरीज ७०.३. हे आपल्या गावच्या मापात सांगायचं तर सायकलवरून दोनदा पंढरपूरला जाऊन परत यायचं आणि मग तिसऱ्यांदा पंढरपूरच्या वाटेला पायी लागायचं. एवढं करून दर्शन नाही! गळ्यात एक पदक अडकवतात आणि घरी पाठवतात. वर त्यासाठी आगाऊ पैसे भरायचे ते आपणच.

पोहण्याचा सराव मळ्यातल्या विहिरीत चालतो. विहीर चाळीस फुटी, म्हणजे बारा मीटर. १.९ किलोमीटरला दीडशेच्या वर फेऱ्या होतात. मोजायला गडी बसवला होता. साठाव्या फेरीला त्याला झोप लागली.

मूळ पाप कुणाचं, हेही शोधून ठेवलंय. हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाचा अमेरिकी नौदलातला अधिकारी होता. पोहणारा जास्त काटक, पळणारा की सायकलवाला, असा वाद तिथं पेटला. आपल्याकडं असले वाद पारावर पेटतात आणि चहाबरोबर विझतात. यानं तिन्ही शर्यती एकापुढं एक जोडून टाकल्या, तीच आयर्नमॅन. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधराजण निघाले, बाराजण पोचले. तिथपर्यंत ठीक होतं. हवाई कुठं, भीमा कुठं! पण २०१५ मध्ये मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला जाऊन पूर्ण आयर्नमॅन करून आले आणि घरोघरच्या बायका नवऱ्याच्या पोटाकडं बघायला लागल्या. त्याच वर्षी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी मिळून सायकलवर अख्खी अमेरिका आडवी पार केली. तेव्हापासून डॉक्टर मंडळींत ही साथ जास्त आहे असं माझं निरीक्षण आहे. रोग्याला 'विश्रांती घ्या' सांगणारी माणसं पहाटे साडेचारला उठून हे करतात.

आता त्या शिंगांकडं येतो. कारण खरी खमंग गोष्ट तिथंच आहे.

मी आधी धरून चाललो होतो की ही नुसती शोभा. पण डॉक्टरांनी मला एकदा कंपाउंडरच्या स्टुलावर बसवून सगळं समजावलं, आणि लाज वाटते सांगायला, मला ते पटलं. सपाट रस्त्यावर तिशीच्या पुढं वेग गेला की सायकलवाल्याचं बहुतेक बळ वाऱ्याशी भांडण्यात जातं. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्यापुरती शक्ती आठपट लागते. आणि वारा अडवतो कोण? सायकल थोडाच, मुख्यतः वर बसलेला माणूस. म्हणून माणूस बारीक करायचा. जेवण कमी करून नव्हे (तेही करतातच), तर कोपरं आत घेऊन, पाठ आडवी करून. याचा दाखला १९८९ च्या टूर द फ्रान्सचा देतात. शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागं होता. पॅरिसपर्यंतच्या साडेचोवीस किलोमीटरला त्यानं ट्रायथलॉनवाल्यांची ही शिंगं लावली आणि सबंध स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकली. हरला तो फ्रान्सचा लोराँ फिन्यों. शिंगं नाहीत, डोक्यावर टोपी नाही, मागं केसांची शेपटी वाऱ्यावर उडतेय. तीन आठवडे सायकल चालवून शेपटीनं घात केला, असं अजून बोलतात. पाहा, चहाड्या तिकडंही आहेत.

पण मग शिंगांबरोबर सीटही पुढं ढकलली, ती का? तर नुसती शिंगं लावून पुढं वाकलं की मांड्या पोटाला लागतात. पायडल वर आलं की श्वास कोंडतो. म्हणून अख्खा माणूसच पुढच्या बाजूला फिरवायचा. रोड बाइकच्या सीटची नळी साधारण ७३ अंशांत असते, खास ट्रायथलॉनच्या सायकलीची ७६ ते ८० अंशांत, जवळजवळ उभी. सीटचा दांडा उलटा फिरवून आणि सीट पुढं सरकवून डॉक्टरांनी तीन-चार अंश चोरले. पाय मोकळे राहतात आणि पुढच्या पळण्याला मांडीचे मागचे स्नायू जरा ताजे उरतात, असं या पंथात मानतात. पळणं बाकी असतं, हे विसरू नका. सायकलवरून उतरल्यावर पहिला किलोमीटर लाकडी पायांवर पळाल्यासारखा वाटतो, हे डॉक्टर स्वतः बोलले.

कामाला हात लावला तो गावातल्या जुन्या सायकलवाल्यानं. तीस वर्षं त्यानं दूधवाल्यांच्या सायकली धडधाकट ठेवल्या. त्याचा एकच नियम: कचकून आवळायचं. डॉक्टर त्याचा हात धरून, "पाच न्यूटन-मीटर, फक्त पाच!" असं ओरडत होते. हँडल कार्बनचं असेल तर जास्त आवळल्यावर चिरतं, आणि काही हँडलांवर शिंगं बसवायची परवानगीच नसते. सायकलवाल्यानं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "येवढी नाजूक हाय तर देव्हाऱ्यात ठिवा की." माझं मत त्याच्या बाजूनं आहे.

आणि एवढा खटाटोप करून सायकल बदलली का? अर्धीच. ब्रेक आणि गिअर जुन्या मेंढ्याच्या शिंगांवरच राहिले. कोपरं उशीवर असताना ब्रेक हाताशी नाही. भार पुढच्या चाकावर गेल्यामुळं हँडल शिंकलं तरी हलतं. चढाला, वळणाला, गर्दीला डॉक्टर पुन्हा जुन्या जागी हात आणतात आणि आता तिथून सीट फार जवळ वाटते, म्हणून कुरकुरतात. रविवारी सोलापूरची सायकल मंडळी घोळक्यानं निघतात. त्यांनी शिंगवाल्याला घोळक्यात घ्यायला नकार दिला. बरोबरच केलं. खुद्द ऑलिंपिकमध्येसुद्धा, जिथं खेळाडू एकमेकांमागं चिकटून जातात, पॅरिसला २०२४ साली ही शिंगं चालली नाहीत. आयर्नमॅनमध्ये चालतात, कारण तिथं हौशी स्पर्धकाला पुढच्यापासून बारा मीटर अंतर ठेवावंच लागतं. मागं चिकटलात तर शिक्षा. आमच्या दिंडीत एकाच्या टाचेवर दुसऱ्याचा अंगठा असतो आणि त्यातच चालणं होतं. यांच्यात आडोसा घेणं गुन्हा!

सीट जवळ वाटण्यावर तोडगा म्हणून डॉक्टरांनी दुसरा दांडा आणि दुसरी सीट आणली. शनिवारपर्यंत ट्रायथलॉन, रविवारी रोड. उंची चुकू नये म्हणून दांड्यावर खूण केली, ती वहिनींच्या नेलपॉलिशनं. बाटली संपली तेव्हा हे घरात फुटलं. त्यावर कडी म्हणजे वाऱ्यासाठी पायांचे केसही काढले. "लग्नात एवढी तयारी केली नव्हती," वहिनी माझ्या सौभाग्यवतीला म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते किल्ल्याच्या भागात पोचलं. मी कुणाला सांगितलं नाही.

मला मात्र वर्मी लागली ती वेगळीच गोष्ट. दांडीवर एक इवलीशी पिशवी बसवलीय. आत काय? चिकट पाकाच्या पुड्या. जेल म्हणतात. ज्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली, त्या गावचा डॉक्टर हुरड्याच्या दिवसांत, दोन्ही बाजूला कणसं डुलत असताना, दातांनी पुडी फाडून पाक चोखतो! आता वहिनींनी त्यात शेंगदाणा-गुळाचे छोटे लाडू कोंबलेत. डॉक्टरांनी दोन तासांत चार खाल्ले आणि परतीला वारा समोरून असूनही नेहमीपेक्षा लवकर आले. हे ते कबूल करत नाहीत. घड्याळात नोंद आहे.

ते जाऊ द्या. ऊस नेणाऱ्या सगळ्या भावांना एक विनंती आहे, आणि ती चेष्टेत घेऊ नका. हंगामात पहाटे साडेपाचला हा माणूस सांगोला रोडला मान खाली घालून येत असतो. ब्रेक त्याच्या हाताशी नसतो, हे आता तुम्हाला ठाऊक झालंय. मागच्या ट्रेलरला लाल दिवा लावा. दिवा नसेल तर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. डॉक्टरांना मी माझ्या बाजूनं सांगितलंय की उजाडेपर्यंत हात ब्रेकवरच ठेवायचे. हो म्हणालेत. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारा तो एकच डॉक्टर आहे.