दाद कुणाकडे मागायची?

माझ्या नवऱ्याने लग्नानंतरच्या बावीस वर्षांत माझ्यापासून दोनच गोष्टी लपवल्या. एक, शेअर बाजारात घातलेले सत्तर हजार. दुसरी, कमरेच्या पट्ट्याखाली उठलेलं गजकर्ण. पहिली मला बँकेच्या मेसेजवरून कळली, दुसरी आवाजावरून. रात्री दोनच्या सुमारास पलंगाच्या त्या बाजूने खर्र-खर्र ऐकू यायचं. मी उंदीर समजले आणि पिंजऱ्यात भजं लावून ठेवलं. चौथ्या रात्री ते भजं नवऱ्यानेच खाल्लं, तेव्हा मला शंका आली.

"जरा घाम येतो," तो म्हणाला. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाला घाम येतो हे निदान चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. उलट त्या लोकलचे उपकारच मानायला हवेत. डोंबिवली ते दादर हात हलवायला जागा नसते, त्यामुळे दिवसातला तेवढा एक तास त्याला खाजवता येत नसे. लोकलच्या डब्यात 'दाद, खाज, खुजली' घालवणाऱ्या मलमांच्या जाहिराती आपण सगळ्यांनीच वाचल्यात. हिंदीतली दाद म्हणजे आपलं गजकर्ण. मराठीत दाद द्यायची असते किंवा मागायची असते. ही दाद मात्र कुणालाच दाद देत नव्हती, आणि आम्ही ती डॉक्टर सोडून सगळ्यांकडे मागत होतो.

पहिल्या आल्या समोरच्या काकू. त्यांनी नवऱ्याला शर्ट चार बोटं वर करायला लावला (चाळीत वाढलेल्या माणसांना संकोच माहीत नसतो) आणि जाहीर केलं, नागीण आहे. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस आटोपला, हेही सांगून टाकलं. मी नीट पाहिलं. ते कधीच जुळलेलं होतं, चांगलं बांगडीएवढं गोल. म्हणजे काकूंच्या शास्त्राप्रमाणे नवरा मागच्या मंगळवारीच वारला होता आणि आत्ता पोह्यांवर दुसऱ्यांदा खोबरं मागत होता.

सासूबाई मूळच्या चिपळूणकडच्या. परसात टाकळा असल्यावर गजकर्णाला डॉक्टर कशाला, असा त्यांचा सवाल. त्यांचं अगदीच चूक नाही. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, दद्रुघ्नही म्हणतात, म्हणजे गजकर्णाचा कर्दनकाळच. पण नावावर जायचं तर आमच्या सोसायटीचं नाव 'निवांत' आहे आणि खालच्या पार्किंगमध्ये बेंजो पथकाचा सराव चालतो. श्रावणभर आम्ही टाकळ्याची भाजी खाल्ली, बिया ताकात वाटून लावल्या. भाजी फार छान झाली. गजकर्णही छान वाढलं.

सासरे रक्ताच्या बाजूचे. त्यांच्या मते दोष कातडीत नव्हताच, तो रक्तात होता, आणि रक्तात तो वांग्यामुळे शिरला होता. मग वांगं बंद. पाठोपाठ लोणचं, मासे, इडली-डोसे, शेंगदाणे आणि शेवटी, कारण कुणालाच सांगता आलं नाही, पण दहीसुद्धा बंद. रक्त शुद्ध करणारं काळं कडू औषध आलं. तीन महिन्यांत नवऱ्याचं वजन चार किलोंनी उतरलं, त्यामुळे ऑफिसात सगळे त्याला तब्येत सुधारली म्हणू लागले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता 'ॲलर्जी' असं निदान केलं. कशाची, असं विचारल्यावर "ते शोधावं लागेल" म्हणाले आणि ते काम आमच्यावर सोपवून खाजेची गोळी लिहून दिली. गोळीने नवऱ्याला झोप लागायची. खाज जागी असायची.

आणि मग केमिस्ट. आपल्याकडे रुग्णाने शेवटी डॉक्टरकडे जायचं असतं, पण त्याआधी काउंटरपलीकडच्या या महात्म्याला टाळून जाता येत नाही. फी नाही, अपॉइंटमेंट नाही, तपासणी तर नाहीच.

"ओलं की कोरडं?" त्याने विचारलं.

"कोरडं. गोल आहे."

"जांघेत?"

माझ्या मागे मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका खोकल्याच्या गोळ्यांसाठी उभ्या होत्या.

"कमरेला," मी रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघत म्हटलं.

"ही लावा. तीन दिवसांत बोला."

खरंच सांगते, तीन दिवसांत फरक पडला. लाली उतरली, खाज थांबली, घरात शांतता पसरली. नवऱ्याने केमिस्टचं नाव देवाच्या खालोखाल घ्यायला सुरुवात केली. दहा दिवसांनी ट्यूब थांबवली आणि बाराव्या दिवशी गजकर्ण व्याजासकट परत आलं. कमरेवरून ते पोटाकडे निघालं, एक तुकडी खाली जांघेकडे रवाना झाली. म्हणून पुन्हा ट्यूब, पुन्हा तीन दिवसांचा चमत्कार. असं आठ महिने चाललं.

एकदा मी त्या ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं सासऱ्यांच्या भिंगातून वाचली. आत चार जण नांदत होते. बुरशी मारणारं टर्बिनाफिन, जंतू मारणारे ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल, आणि वर क्लोबेटासॉल हे जबरदस्त ताकदीचं स्टेरॉईड. महाराष्ट्रातल्या वाचकाला आघाडी काय असते ते समजावून सांगावं लागत नाही. चार जण, चार विचारधारा, एक ट्यूब. खातेवाटपही ओळखीचंच आहे. एकाने बुरशीशी लढायचं आणि दुसऱ्याने त्याच वेळी शरीराची फौज बराकीत परत पाठवायची. कातडी लाल होते, खाजते, ती शरीराची तक्रार असते. स्टेरॉईड तक्रारदाराला गप्प बसवतं. मग वरून सारं शांत दिसतं आणि खालून बुरशी ऐसपैस पसरते. पोलीस चौकीत फिर्याद नोंदवूनच घेतली नाही की त्या भागातली गुन्हेगारी कमी होते, तसा हा गुण.

हे सरकारला ठाऊक नाही असं समजू नका. २०१८ साली केंद्राने १४ स्टेरॉईड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं राजपत्रात छापलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशा काही मलमांचाही समावेश होता. आमच्या ट्यूबच्या खोक्यावर चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा लाल चौकटीत होता. मी तो केमिस्टला दाखवला. त्याने चष्मा वर करून, एखाद्या लहान मुलाने चंद्र दाखवावा तसं, कौतुकाने पाहिलं. "हो, ते असतंच," म्हणाला. "दोन देऊ का? बरी पडते."

दोन घेतल्या, कारण तोवर आमच्याकडे एक ट्यूब आठवड्यात संपायला लागली होती. नवऱ्याची कमर काही तेवढी नाही. या हिशेबात काहीतरी खोट आहे, असं मला वाटत होतं. पण ज्या घरात शाम्पूची बाटली, जिभल्या आणि मोबाईलचे चार्जर आपोआप नाहीसे होतात, तिथे ट्यूबचा तपास कोण करणार?

मध्ये एकदा स्टेशनजवळच्या चकचकीत क्लिनिकमध्येही जाऊन आलो. पाटीवर त्वचा पहिली होती, म्हणून गेलो. "ग्लो, केस की टॅटू काढायचाय?" रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं. "खाज आहे," नवरा म्हणाला. तिने स्क्रीनवरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. यादीत खाज नव्हती. डॉक्टरांनी टेबलापलीकडून नवऱ्याकडे तीन सेकंद पाहिलं, साबण, लोशन आणि आणखी एक आघाडी लिहून दिली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या गालांवरच्या डागांचं मात्र लवकर काहीतरी करायला हवं."

शेवटी मार्चमध्ये एका गुरुवारी रजा टाकून मुंबईतल्या पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. केसपेपरच्या रांगेत दीड तास, त्वचारोग विभागाच्या बाकड्यावर दोन तास. बाकड्यावरचे सगळे आमच्यासारखेच, मांडी एकदा इकडे एकदा तिकडे घेणारे, कुणी खाजवताना दिसू नये म्हणून पिशवीने खाजवणारे. आत पंचविशीतली डॉक्टर होती. तिने दिवा ओढून घेतला, "शर्ट काढा, पॅन्ट सैल करा" म्हणाली आणि वाकून पाहिलं. आठ महिन्यांत प्रथमच कुणीतरी उजेडात पाहत होतं.

"ट्यूब आणलीय?"

नवऱ्याने ती पाकिटातून काढली. नोटा, आधार कार्ड, पास आणि ट्यूब, असं त्याच्या पाकिटाचं बिऱ्हाड झालं होतं.

"सकाळपासूनची सहावी," ती म्हणाली आणि टेबलावर ओळीत मांडलेल्या पाच ट्यूबांच्या शेजारी सहावी ठेवली. मग तिने नवऱ्याच्या जांघेतल्या जांभळट रेघा मला दाखवल्या. बाळंतपणानंतर माझ्या पोटावर उमटल्या होत्या तशाच. स्टेरॉईडने कातडी पातळ होऊन फाटते, त्याच्या त्या खुणा.

पुढे जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. तिने ब्लेडच्या बोथट बाजूने वर्तुळाची कड खरवडली. मधला भाग खरवडला नाही, कारण बुरशी कडेकडेने पुढे सरकते आणि मागचा भाग मोकळा करत जाते, म्हणून तर ती गोल दिसते. काचेच्या पट्टीवर पिठीसाखरेसारखा भुसा पडला. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर पातळ काच, आणि थोडा वेळ नुसतं थांबायचं. मग तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मान हलवली. "मी बघू?" मी विचारलं. तिला नवल वाटलं असावं, पण ती बाजूला झाली. उजेडात फुटक्या फरश्यांसारख्या पेशी पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावरून आडव्या-तिडव्या, फांद्या फुटलेल्या, पारदर्शक शेवया गेल्या होत्या. शेवयांचे सांधेसुद्धा मोजता येत होते. वांगं कुठेच दिसलं नाही.

ही सगळी तपासणी वीस मिनिटांत आटोपली.

"घरात आणखी कुणाला?" तिने विचारलं.

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"टॉवेल वेगळे आहेत?"

आम्ही दोघंही गप्प.

"कपडे एकत्र धुता?"

"मशीन एकच आहे," नवरा म्हणाला.

"सगळ्यांना घेऊन या," ती म्हणाली.

त्या रात्री जेवणानंतर मी कुटुंबाची सभा बोलावली आणि प्रश्न मांडला. आधी कुणीच बोलेना. मग सासऱ्यांनी घसा खाकरला आणि धोतराच्या गाठीकडे नजर वळवली. सासूबाईंना परकराच्या नाडीखाली दोन वर्षांपासून होतं. "बायकांच्या कमरेला नाडीचं होतंच, त्यात काय सांगायचं?" बाथरूममधून मुलगा ओरडला, "मला पण!" ट्यूब आठवड्यात का संपत होती ते अशा रीतीने उघडकीला आलं. एकाच छताखाली चार माणसं, चार वेगवेगळ्या वेळी, दार लावून, एकच ट्यूब चोरून लावत होती. राहता राहिले मी. माझ्या काखेत जे होतं ते घामोळं होतं. सहा महिने टिकलेलं, डिसेंबरातही न गेलेलं घामोळं.

पुढच्या गुरुवारी आम्ही पाच जण एका बाकड्यावर. पूर्वी दोन आठवड्यांच्या गोळ्यांत हे जायचं, आता दोन-दोन महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाली. त्याचं एक कारण मी मग वाचून काढलं. या बुरशीच्या एका चिवट भावंडाला २०२० साली जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं. नमुने जपानात राहणाऱ्या एका भारतीयाच्या आणि एका नेपाळी माणसाच्या कातडीवरचे. नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिनला ही जात सहसा भीक घालत नाही. ती इतकी माजली कशी, असं विचारलं की तज्ज्ञांचं बोट आपल्या या आघाडीच्या ट्यूबांकडेही वळतं. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला अमेरिकेने तीनदा व्हिसा नाकारला आहे.

आम्हाला इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल मिळाल्या. भरल्या पोटी घ्यायच्या, कारण त्यांना जिरायला पोटातलं आम्ल लागतं. "सकाळी उठल्यावर ॲसिडिटीची गोळी कोण घेतं?" डॉक्टरने विचारलं. नवरा आणि सासरे एकमेकांकडे बघू लागले. त्या गोळ्या बंद. आघाडीची ट्यूब त्या दिवसापासून बंद. ती बंद केल्यावर पहिला आठवडा सगळ्यांचं जोरात उसळलं, आणि "सरकारी औषधाने वाढलं" असं सासऱ्यांनी तीन नातेवाइकांना फोन करून कळवलं. उसळेल, घाबरू नका, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून मी तग धरला.

आता आमच्या गॅलरीत पाच रंगांचे पाच टॉवेल वाळतात. कपडे गरम पाण्यात, उलटे करून उन्हात, मग इस्त्री. नवऱ्याची चड्डी इस्त्री करताना मला बावीस वर्षांत पहिल्यांदाच संसार पूर्णत्वाला गेल्यासारखा वाटला. कातडी स्वच्छ दिसायला लागल्यावरही औषध मध्येच सोडायचं नाही, अशी तंबी आहे. रात्रीची खर्र-खर्र थांबली. आता खरा उंदीर आला तरी कळेल.

परवा रात्री साडेनऊला बेल वाजली. समोरच्या काकू, हातात रिकामी वाटी.

"विरजण हवंय का?"

"नको गं." त्यांनी मागे वळून आपलं दार लोटलंय ना ते पाहिलं. "ती तुमच्याकडे ट्यूब होती ना? एखादी उरलीसुरली असेल तर..."

"कुणासाठी, काकू?"

"आमच्या ह्यांना जरा घाम येतो."

ट्यूब मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा:

"थांबा हं, आहे थोडी. लिंबांच्या मागे ठेवलीय."