टेस्टरकाका

पेणमध्ये त्यांना सगळे टेस्टरकाका म्हणतात. लग्नाच्या हॉलवर गेले तरी अक्षता हातात घेण्याआधी ते खिशातला टेस्टर काढून डेकोरेशनवाल्याच्या बोर्डाला लावून बघतात. रोज रोह्याला जाऊन-येऊन धाटावच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियनची नोकरी केली. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते.

काकांचा माणसांवर फारसा विश्वास नाही, अर्थिंगवर आहे. कुणाच्या घरी गेले की आधी नजर बोर्डावर. ‘तिसऱ्या भोकामागे काही आहे, की नुसतंच शोभेला?’ हाच त्यांचा नमस्कार. गणपतीच्या हंगामात मूर्तींचे कारखानदार त्यांना चुकवतात. ओली जमीन, अनवाणी पोरं, हातात रंगाची गन आणि बाजूला घरघरणारा कॉम्प्रेसर. काका त्याला उलटं बोट लावतात आणि ऐन ऑर्डरींच्या दिवसांत काम थांबवतात. कारखानदार मनातल्या मनात शिव्या घालतो, पण वायरमनला फोनही लावतो.

पावसाळ्यात रोह्याला माझ्या बहिणीकडे भाचीच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. ऑफिसने दिलेला लॅपटॉप, ॲल्युमिनियमचा, महागडा. चार्जिंगला लावून त्यावर मनगट टेकवलं की बारीक झिणझिण. घरात मतं तयारच होती. मेहुणे म्हणाले, दमट हवा. बहीण म्हणाली, बी-ट्वेल्व्ह कमी असणार. शेजाऱ्यांनी खाली टॉवेल घालायला सांगितलं, आणि तो घातलाही होता. काकांच्या कानावर हे गेलं मात्र, दिवा-रोहा गाडी पकडून ते हजर. बोलावलं कुणीच नव्हतं.

‘चप्पल काढ गं. तळहात नको, बोटाची मागची बाजू हलकी फिरव.’

झिणझिण.

‘आता चप्पल घाल.’

गायब.

‘काढ परत. आणि चार्जरपण काढ.’

गायब. मग मेहुणे, बहीण, टॉवेलवाले शेजारी असे सगळे अनवाणी रांगेत उभे राहिले. काकांनी लॅपटॉपच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर आतला दिवा मंद पेटला. बहीण किंचाळली. काकांच्या चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्याचा आनंद!

चहा येईपर्यंत त्यांनी सगळं समजावलं. चार्जरच्या पोटात 230 व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये छोटा कपॅसिटर असतो, चार्जरची खरखर बाहेर पसरू नये म्हणून. त्यातून मिलिअँपिअरच्याही काही भागाइतका करंट झिरपतो. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत उतरतो. नसेल तर पत्र्याला टेकून अनवाणी गिऱ्हाइकाची वाट बघतो. मीटर लावला तर तिथे शंभरेक व्होल्टही दिसतात. चांगल्या चार्जरचा हा करंट जीव घेण्याइतका नसतो. ‘पण झिणझिणीऐवजी झटका बसला, नाहीतर चार्जर रस्त्यावरचा स्वस्तातला असला, तर तिथल्या तिथे बंद!’ पुढे भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रावर घसरले. ‘1927 पासून इथे वर भिऱ्याला वीज होतेय. वीज गेली मुंबईला, पाणी आलं कुंडलिकेला, आणि आपल्याला काय, तर मुंग्या!’

चार्जरचा टॉप तीन पिनांचा होता, पण तो दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसलेला. काकांनी तो कन्व्हर्टर मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरला. ‘हा कुणी आणला?’ मेहुण्यांना अचानक टॉवेलची घडी घालायचं सुचलं.

टॉप थेट बोर्डात लावला, तरी झिणझिण तशीच. मग पिशवीतून काकांचं दैवत निघालं. टेस्टिंग लॅम्प. काळा होल्डर, दोन वायरी आणि सुती फडक्यात गुंडाळलेला साठचा जुना पिवळा बल्ब. असले बल्ब आता सहज मिळत नाहीत, म्हणून काका तो कुणाच्या हातात देत नाहीत. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, झक्क पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, काळोख. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर हिरवी वायर मागे व्यवस्थित वेटोळं करून ठेवलेली. कशालाच न जोडलेली!

वायरमन आला. म्हणाला, ‘न्यूट्रलवरूनच एक तुकडा मारतो, मुंग्या बंद.’ त्यानंतर काका जे बोलले त्यातलं छापण्याजोगं एवढंच: मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर त्या तुकड्यातून अख्खा लॅपटॉप फेजवर येईल. शेवटी वायर रीतसर जोडली, इमारतीचा अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा भरला आणि लॅम्प पेटल्यावरच काका उठले. पैसे घेतले नाहीत. पोह्यांना मात्र ‘पेणची सर नाही’ म्हणाले.

स्वतःच्या घरी ते उन्हाळाभर रोज सकाळी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात आणि उरलं तर तुळशीला. काकूंना हे मान्य नाही.

काका हा छळ आहे, यात वाद नाही. पण ते म्हणतात ते बरोबर असतं, हा त्याहून मोठा छळ. तेव्हा तुमच्या लॅपटॉपला मुंग्या येत असतील तर टॉवेल घालत बसू नका. चांगला वायरमन बोलवा, मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि हिरवी वायर कुठे जाते ते विचारा. टेस्टरकाका तुमच्या गाडीत बसायच्या आत.